गंगूच्या हाताचा गुण

गंगूच्या हाताला गुण आहे, हे वाडीत कुणी कधी ताडून पाहिलं नव्हतं. पाय मुरगळला, खांदा धरला, कमरेत उसण भरली, की माणूस कण्हत तिच्या पडवीत येई. ती बिब्बा लावी, आणि आठ दिवसांनी तोच माणूस तिच्या दारावरून ताठ चालत जाई. मुरगळलेला पाय आठ दिवसांत आपला आपणही बरा होतो, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. असतं तरी ऐकलं कुणी असतं? बरा करणारा हात डोळ्यांसमोर असताना ‘आपोआप’ नावाच्या वैद्याकडे कोण जातो.

वाडी गाबितांची, मालवणापासून खाडीकाठाने दीड तासाच्या वाटेवर. पुरुष रापणीचं मोठं जाळं ओढायला जात, बायका मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन मालवणच्या बाजारात. गंगूही जाई. बिब्बा हा तिचा धंदा नव्हता. कुणी नारळ ठेवला तर ठेवला. पण मान होता. दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, काळं तेल सुटलं की दुखऱ्या जागेवर एकेक ठिपका द्यायचा. मुरगळीला एक, खांद्याला पाच, वर चुन्याचं बोट. हात जड पडला की बिब्बा उततो, म्हणजे कातडी फोडांनी भरते आणि सोलून निघते. गंगूच्या हातून तो कधी उतला नव्हता. आपला हात हलका आहे हे तिलाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा ताठाही होता.

तिला मूल एकच, चंद्रावती. आधीचे दोन पाळण्यातच गेले, त्यामुळे या पोरीला साधी शिंक आली तरी गंगू रात्रभर तिच्या उशाशी बसे. सत्तावन्न साली चंद्रा सतरा वर्षांची होती. त्या वर्षी पावसाळा सरून रापणी सुरू झाल्या, आणि गंगूच्या लक्षात आलं की पोर टोपली डोक्यावर चढवताना डोळे मिटते. चालताना एक हात पदराखाली छातीशी धरते. पालथी झोपणारी पोर उताणी झोपू लागली. एका बारशाला कुणा मावशीने तिला मायेने कवटाळलं, तर ओरडलीच. गंगूने विचारलं, ती काही नाही म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं, ती रडायला लागली. तिसऱ्यांदा गंगूने तिला माजघरात नेऊन दार लोटलं, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “आये, छातीत दुखता. दोनय बाजूक. हात लावूक दिना नाय.”

गंगूला सासू आठवली.

आठवणारच. दहा वर्षांपूर्वी त्याच माजघरात तिची सासू जानकी छातीच्या दुखण्याने गेली होती. म्हातारीने गाठ वर्षभर पदराखाली लपवली. ती फुटली तेव्हा घरात समजलं. पुढे पाच महिने गंगू कडुनिंबाच्या पाण्याने ती जखम धूत होती, नाकाला पदर न लावता, कारण म्हातारीला वाईट वाटलं असतं. आधी का नाही सांगितलंत, असं गंगूने एकदा विचारलं होतं. दुखतच नव्हती तर सांगू काय, असं म्हातारी म्हणाली होती. हे उत्तर गंगूच्या कानांवरून गेलं, मनात राहिलं नाही. मनात राहिला तो वास, आणि प्रेत उचललं त्या दिवशी तिने स्वतःशी खाल्लेली शपथ: या घरात पुन्हा हे होऊ देणार नाही.

चंद्राने सांगितलं त्या दिवसापासून गंगूने पोरीवर पाळत ठेवली. दुखणं रोज नसे. आठ-दहा दिवस चढत जाई, मग चंद्रा विटाळशी होऊन घरामागच्या खोपीत बाहेर बसे. तिथं गेली की एक-दोन दिवसांत दुखणं बेपत्ता. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात येई ती हसत, उड्या मारत. पंधरवडा बरा जाई आणि पुन्हा हात पदराखाली. गंगूने चार महिने हे नीट पाहिलं. पाहणं चोख होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. अर्थ तेवढा तिने उलटा लावला. घरात दुखतं आणि खोपीत थांबतं, म्हणजे दुखवणारं जे काही आहे ते घरात आहे. विटाळात देव शिवत नाही आणि मेलेलं माणूसही शिवत नाही. म्हणजे म्हातारी. म्हातारी नातीच्या मागे लागली.

नवऱ्याला तिने हे सांगितलं तेव्हा लवू जाळं विणत होता. लवू म्हणजे वाऱ्याशीसुद्धा भांडायचा नाही असा माणूस. त्याने विणायची सुई खाली ठेवली.

“माझी आवस जित्ती असताना तिना कोणाचा वायट केल्यान नाय,” तो म्हणाला. “आता मरान धा वर्सा झाली, नि नातीक धरतली?”

गंगू म्हणाली, पोर गेल्यावर मग आईची बाजू घेऊन बस. लवूने पुन्हा सुई उचलली. या घरात शेवटचा शब्द गंगूचा असे, आणि लवूला त्याचं एरवी वाईटही वाटत नसे.

देवळात कौल लावला. पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलांचे कळे चिकटवले, देवळातला घाडी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. काय विचारायचं ते गंगूनेच त्याला सांगून ठेवलं होतं: हे घरातलं म्हातारीचं असेल तर उजवा दे, बाहेरचं कुणाचं असेल तर डावा. उजवा कळा पडला. आता देव तरी काय करणार? त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या होत्या. हे काहीच नसेल तर काय, असा तिसरा प्रश्न त्या देवळात आजवर कुणी विचारला नव्हता. काही नसेल तर माणूस देवळात येईलच कशाला?

म्हातारीच्या नावाने कोंबडा दिला, नारळ दिला. घाडी म्हणाला, झालं, सुटेल. पण देवावर सगळं टाकून हातावर हात धरून बसणारी गंगू नव्हे. वाडीतल्या परक्या माणसांचे खांदे तिने बरे केले, आणि पोटच्या पोरीसाठी तिचा हात काय नुसता मासळी विकायला होता? कोंबडा देवाचा, बिब्बा आपला, असं तिने ठरवलं.

माघातल्या एका सकाळी, दुखणं ऐन भरात असताना, तिने पोरीला माजघरात निजवलं. शेजारची यशोदा हात धरायला आली होती. यशोदा दोन-तीन वर्षांपूर्वी सून होऊन आलेली, चंद्राहून पाच-सहा वर्षांनी मोठी, तिची मैत्रीणच. गंगूने दिवा लावला, बिब्बा तापवला. छातीवर बिब्बा तिने कधी कुणाला लावला नव्हता, पण सासूचं दुखणं म्हणजे काही मुरगळ नव्हे, एका ठिपक्याने भागणार नव्हतं. तिने बोंडीच्या भोवती ठिपक्यांचं कडं काढलं, ठिपक्याला ठिपका लागून. मग त्याच्या आत दुसरं. मग दुसऱ्या बाजूला तसंच. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात थरथरत होता, आणि थरथरणारा हात हलका राहत नाही. तेल ओघळलं. चंद्राने पदराचा बोळा दातांत धरला होता. ती एकदाच म्हणाली, “आये, पुरे.” गंगू म्हणाली, होत आलं.

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला.

फोड आले, फुटले, कातडी सोलवटून निघाली, ताप चढला. तीन आठवडे चंद्रा केळीच्या पानावर निजून होती. गंगूने खोबरेल लावलं, वारा घातला, बाजार बंद ठेवला. रात्रंदिवस ती पोरीच्या उशाशी होती, आणि एवढं होऊनही तिला क्षणभर असं वाटलं नाही की आपण चुकलो. उलट वाटलं, किती खोल रुजलं होतं बघा, म्हणून एवढं उतलं. मायेच्या माणसाला स्वतःची चूक दिसायला फार वेळ लागतो, कारण तो तिच्याकडे मायेच्याच बाजूने बघत असतो.

जखमा भरल्या. नवी कातडी आली ती चकचकीत, ताणलेली, आणि दोन्ही बोंड्या आत ओढल्या गेल्या, नारळाचा डोळा आत असतो तशा. न्हायला घालताना गंगूने ते पाहिलं. जीव वाचला ना, मग कातडीचं काय, असं म्हणून तिने वर पाण्याचा तांब्या ओतला. पुढच्या महिन्यात तिने विचारलं, आता दुखतं का? चंद्रा म्हणाली, “नाय. थांबला.” त्याच्या पुढच्या महिन्यात विचारलं, तेव्हा प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाली, थांबलं.

म्हातारीचं भूत कसं बांधलं, ते गंगूने विहिरीवर, बाजाराच्या वाटेवर, सगळ्यांना सांगितलं. तिच्या हाताचा बोलबाला देवबागेपर्यंत गेला.

साठ साली चंद्राचं लग्न झालं. नवरा दत्ताराम देवगडकडचा, मुंबईला गोदीत कामाला, वर्षातून एकदा आगबोटीने येणारा. माणूस मोजकं बोलणारा, पण पत्रात बायकोच्या तब्येतीची चौकशी न चुकता करी. बासष्टच्या श्रावणात चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, डोक्यावर दाट केस, आणि रडणं असं की किनाऱ्यावर ऐकू जावं. लवू दिवसातून दहा वेळा काहीतरी निमित्त काढून आत डोकावे. पावसाळ्यात आगबोटी बंद, त्यामुळे दत्ताराम येऊ शकत नव्हता. त्याला पत्र गेलं.

तिसऱ्या दिवशी चंद्राला पान्हा आला. छाती दगडासारखी कडक झाली. पोर तोंड लावी, चाचपडे, पण धरायला काही नव्हतंच. तोंड घसरे, पोर चिडून रडे, पुन्हा लागे, पुन्हा घसरे. दाबून दाबून दोन-चार थेंब येत, त्यात रक्त मिसळलेलं. दूध आत भरलेलं होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती. चंद्रा वेदनेने पाय घाशी. पोर भुकेने काळीनिळी होई. आणि गंगू दोघींच्या मध्ये बसून म्हातारीला शिव्या देत होती. पुन्हा आलीस? एवढा कोंबडा दिला, पुन्हा आलीस?

शेळीचं दूध आणलं, पाणी घातलं, कापसाची वात भिजवून पोरीच्या तोंडात पिळली. थोडं आत गेलं, बाकी ओकलं. यशोदाला तेव्हा चौथं मूल झालेलं, पाच महिन्यांचं, आणि दूध एवढं की चोळी भिजे. तिने दोन दिवस आपण होऊन पोरीला पाजलं. पोर पोट भरून निजली, आणि त्या दोन दिवसांत घरात माणसं माणसांसारखी जेवली. तिसऱ्या दिवशी यशोदा आली नाही. गंगू पोरीला पदरात घेऊन तिच्या दारात गेली. यशोदा उंबऱ्यात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

“गंगूआये, माका चार पोरा आसत,” ती म्हणाली. “तुझ्या घरात म्हातारी छाती धरता, ह्या तूच सगळ्यांका सांगलंस. तेव्हा चंद्राचे हात मीच धरलेले. माका भिया वाटता.”

गंगूने सांगितलं की ते सगळं संपलं, बिब्ब्याने बंद झालं. यशोदाने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “मगे चंद्राचा दूध खंय गेला?”

पाच वर्षांपूर्वी विहिरीवर बसून तिनेच ती गोष्ट रंगवली होती, आणि ती आता अख्ख्या वाडीच्या घराघरांत मुरली होती. पाजणाऱ्या आणखी दोघी होत्या. त्यांच्या दारांत गंगू गेली. एकीने आपल्यालाच दूध कमी म्हणून सांगितलं, दुसरीने सासूला पुढे केलं. पोर पदरात रडत होती आणि गंगू दारोदार हिंडत होती. यशोदा वाईट नव्हती. भीती काही वाईट माणसांनाच वाटते असं नाही.

नवव्या दिवशी चंद्रा तापाने बरळू लागली. लवूने होडी काढली, आणि खाडीतून तिघींना मालवणच्या दवाखान्यात नेलं. पुरुष डॉक्टरला दाखवायला चंद्रा तयार होईना, म्हणून विमलाबाई नावाच्या नर्सने तिला आतल्या खोलीत घेतलं. विमलाबाई मूळच्या घाटावरच्या, चाळिशीच्या, पुस्तकी मराठी बोलणाऱ्या. त्यांनी चोळी सोडली आणि दिवा जवळ आणून दोन्ही बाजू निरखल्या. मग गरम पाण्यात फडकी पिळून शेकलं, पू काढला, पट्टी केली. पोरीसाठी पावडरीच्या दुधाचा डबा आणायला सांगितला आणि पाणी उकळूनच घ्या, असं तीन-तीनदा बजावलं. हातपाय धुऊन त्या गंगूजवळ येऊन बसल्या आणि हे कशाने भाजलं, असं विचारलं.

गंगूने सगळं सांगितलं. सुरुवात केली तेव्हा आवाजात जुना ताठा थोडा शिल्लक होता. विमलाबाई मधेच थांबवून एकेक विचारत होत्या. दुखायचं ते दोन्ही बाजूंना? हो. विटाळशी व्हायच्या आधी आठ-दहा दिवस? हो. आणि झाली की थांबायचं? गंगू चकित झाली. या बाईला हे घरबसल्या कसं कळलं?

“आजी, हे निम्म्या पोरींना होतं,” विमलाबाई म्हणाल्या. “मला होत होतं. महिना जवळ आला की छाती भरून येते, दुखते, पाळी आली की आपली आपण ओसरते. त्याला घट्ट चोळी घालायची, गरम पाण्याचं फडकं शेकायचं, आणि पोरीला सांगायचं की याने काही होत नाही. एवढंच.”

गंगूने सासूचं नाव काढलं. विमलाबाईंनी विचारलं, त्यांची गाठ सुरुवातीला दुखत होती का? तेव्हा कुठे, पंधरा वर्षांनी, ते म्हातारीचं उत्तर गंगूच्या कानांत शिरलं. दुखतच नव्हती. म्हातारीचं दुखत नव्हतं तेव्हा भ्यायला हवं होतं, आणि चंद्राचं दुखत होतं तेव्हा भ्यायचं कारण नव्हतं. गंगू नेमकी उलट भ्याली होती. विमलाबाई रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. चढवला असता, चारचौघांत गालफडात मारली असती, तरी गंगूला बरं वाटलं असतं.

तिने एवढंच विचारलं, की आता ही वाट उघडेल का? विमलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. कातडी जळून आतून चिकटली होती. हिला कितीही मुलं झाली तरी पाजता यायचं नाही, हे त्यांनी चंद्राला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं. पण चंद्रा जागी होती.

पावडरीचा डबा आणला, पाणी उकळलं, पण त्याआधीच शेळीच्या दुधाने आणि कच्च्या पाण्याने पोरीचं पोट बिघडलं होतं. बारावा दिवस उजाडला, बारसं पुढे ढकललं. पोर रडायची थांबली, आणि ती रडत होती तेच बरं होतं असं सगळ्यांना वाटू लागलं. सोळाव्या दिवशी दुपारी गंगूच्या मांडीवरच ती गेली. लवूने सुरूच्या झाडांपलीकडे वाळूत खड्डा केला. ठरवून ठेवलेलं नाव कुणी उच्चारलं नाही. पावडरीचा डबा फळीवर तसाच राहिला, पाऊण भरलेला.

गंगूने घरातले सगळे बिब्बे आणि ते दाभण खाडीत फेकलं. पाय मुरगळलेला एकजण आला, त्याला तिने मागच्या मागे पाठवलं. मग ती विहिरीवर गेली आणि जसं पूर्वी सांगितलं होतं तसं सगळ्यांना सांगू लागली: म्हातारीचं काही नव्हतं. पोरींना महिन्यापूर्वी दुखतं, आपलं आपण जातं, शेक द्या, हात लावू नका. बायकांनी ऐकून घेतलं. एकीने तिचा दंड धरून तिला घरी आणून सोडलं. नात गेली, त्याने डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांचं ठरलं होतं. बिब्बा लावणाऱ्या गंगूवर वाडीचा विश्वास होता. नको म्हणणाऱ्या गंगूवर कुणाचाच बसेना. पुढच्याच महिन्यात वरच्या आवाठातल्या, म्हणजे वरल्या वस्तीतल्या, एका आईने आपल्या सोळा वर्षांच्या पोरीच्या छातीला बिब्बा घातला. दोन कडी, ठिपक्याला ठिपका लागून, गंगूच्याच पद्धतीने. गंगू धावत गेली तेव्हा फोड आलेले होते.

लवूने एकदाही म्हटलं नाही की मी तेव्हा सांगितलं होतं. तो फक्त म्हातारीच्या तिथीला घास ठेवायला एकटाच गेला, आणि बराच वेळ परतला नाही. आगबोटी सुरू झाल्यावर दत्ताराम आला, दोन दिवस पडवीत बसून राहिला, सुरूच्या बनाकडे एकदा जाऊन आला, आणि मुंबईला परत गेला. चंद्राला सासरी कधी बोलवायची ते त्याच्या आईने ठरवायचं होतं. तिचा काही निरोप आला नाही.

कार्तिकात चंद्रा पुन्हा विटाळशी होऊ लागली. आणि त्यानंतरच्या महिन्यात गंगूने पाहिलं, तिचा हात पुन्हा पदराखाली गेला होता. यावेळी गंगूला सगळं समजत होतं. तिने दिवस मोजले. अजून चार दिवस, फार तर पाच. तिने घाईने चुलीत फुंकर घातली. निदान हे एक तरी आपण आता नीट करू शकतो. तिने पाणी तापवलं, मऊ धुतलेलं फडकं बुडवून पिळलं, आणि माजघरात गेली. दुपार होती, चंद्रा भिंतीला टेकून बसली होती.

“काय नाय गो ता,” गंगू म्हणाली. “चार दिसांत जातला. हडे ये, शेकतंय.”

चंद्राने दोन्ही हात छातीवर आडवे घेतले आणि भिंतीला पाठ घट्ट लावली. ती आईच्या तोंडाकडे बघत नव्हती. हाताकडे बघत होती.

“तेव्हाय थांबला नव्हता, आये,” ती म्हणाली. “बिबो लावलंस, तरी दर म्हयन्याक दुखायचा. तू परत लावशीत म्हणान थांबला म्हणालंय.”

गंगूच्या हातातलं फडकं वाफाळत होतं. पाच वर्षं ती ज्या गुणाच्या जोरावर ताठ चालली होती, तो गुण पोरीच्या भीतीतून निघालेला होता. म्हातारीने या पोरीला कधी धरलं नव्हतं. धरलं होतं ते गंगूनेच. तिला वाटलं, पाय धरावेत. पण आई पोरीचे पाय कसे धरणार? आणि धरले तरी धरायला पुन्हा हेच हात.

तिने एक पाऊल पुढे टाकलं. “शेकूक तरी दी.”

“नको,” चंद्रा म्हणाली. “थंयच ठेव.”

गंगूने फडकं पाटावर ठेवलं आणि बाहेर येऊन मागीलदारी बसली. तिथून माजघराचं दार दिसत नसे. आई खरंच लांब गेली याची खात्री करायला चंद्राला थोडा वेळ लागला असणार, कारण पाट हलल्याचा आवाज आला तो बऱ्याच उशिरा. तोवर फडकं निवलं होतं.